घर शून्य करायचं राहिलं

दीक्षा तायडे पाण्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत धरून ठेवू शकत असे, आणि याचा तिला हवा त्यापेक्षा थोडा जास्तच अभिमान होता. धायरीत एका फॅब्रिकेशनच्या शेडवर, वरच्या मजल्यावर, तिची कंपनी होती. म्हणजे कंपनी विजयमाला मॅडमची. दीक्षा आपली बोलताना 'माझी' म्हणायची आणि मॅडम ऐकून घ्यायच्या. तिथे प्रयोगशाळांसाठी तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनत. बुटांच्या खोक्याएवढा डबा, पुढे लाल आकडे, मागे वायरींचा गुंता आणि पोटात फर्मवेअर, म्हणजे हीटरला कधी तापव आणि कधी थांब हे सांगणारा प्रोग्राम. ते फर्मवेअर दीक्षाचं.

घरी मात्र तिला बादलीभर पाणी साधत नव्हतं. मैत्री सात महिन्यांची झाली तरी तिच्या अंघोळीचं पाणी रोज एकतर चटका देणारं नाहीतर गार. एकदा दीक्षाने ऑफिसातून प्रमाणित सेन्सर आणून बादलीत सोडला. सदतीस पूर्णांक शून्य शून्य. मैत्रीने पाय लागताच घर डोक्यावर घेतलं. नातीला सांभाळायला वाशीमहून आलेल्या चंद्रभागाबाई, म्हणजे दीक्षाच्या सासूबाई, न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माय, पोरीले आंघोळ घालू राह्यली का तिची परीक्षा घेऊ राह्यली?"

मग त्यांनी पदर खोचला, कोपर बुडवून बुडवून आपल्या अंदाजाने दुसरं पाणी केलं. मैत्री त्यातही तेवढीच रडली. पुढचा अर्धा दिवस सासूसुनांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

बाळंतपणाच्या रजेत दीक्षाचा कंट्रोलर कंपनीतल्या दिग्विजयकडे, तिच्या जोडीच्या इंजिनिअरकडे, होता. दिग्विजय विश्रांतवाडीहून येई, जेवणाचा डबा घड्याळ लावल्यासारखा उघडी, आणि त्याच्या टेबलावर वायरसुद्धा गुंडाळून रबर लावून ठेवलेली असे. वाईट मुलगा नव्हता. पण आपलं बाळ आणि आपला कोड दुसऱ्याच्या हातात दिला की हा मान नीट धरेल ना, ही धास्ती दीक्षाला सारखीच वाटे. बाळ तरी ती लोकांना देई, देऊन हात पुढे करून समोर उभी राही. कोडच्या बाबतीत तीही सोय नव्हती.

रजेवरून आल्यावर तिने मॅडमकडे अर्धा दिवस घरून काम करायची परवानगी मागितली. विजयमाला मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वाघोलीच्या लॅबची तक्रार माहीत आहे ना तुला?"

माहीत होती. त्या प्रयोगशाळेत इंजिन ऑइल किती दाट, किती पातळ ते मोजतात. त्यासाठी काचेची एक टाकी असते, तिला बाथ म्हणतात. बाथमधलं पाणी बरोबर चाळीस अंशांवर ठेवून त्यात तेलाच्या नळ्या बुडवायच्या. पण नळी बुडवली की पाणी किंचित गार होई, आणि तेवढ्यावर कंट्रोलर असा घाबरे, की हीटर पूर्ण पेटवून देई. पाणी चाळीसच्या वर. मग ते खाली यायची वाट बघत लॅब बसून.

"ते नीट कर," मॅडम म्हणाल्या. "तोवर अर्धा दिवस घरून. वाघोलीची चाचणी पास झाली तर पुढेही तसंच. नाही झाली, तर कंट्रोलर दिग्विजयकडे आणि तू पूर्ण वेळ इथे, टेस्टिंगला. पटतंय?"

"पटतंय," दीक्षा म्हणाली. न पटून करते काय? टेस्टिंग म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कोडच्या चुका मोजायच्या. आणि पूर्ण वेळ म्हणजे मैत्री सकाळी झोपेत बघायची आणि संध्याकाळी पेंगताना.

उपाय तिला दुपारी पाळण्याजवळ सुचला. मैत्री झोपेत चुळबुळली, की लगेच उचलायचं नाही; थोडं थांबायचं, बहुतेक वेळा ती आपली आपण पुन्हा झोपते. हीटरलाही तसंच शिकवायचं. पाणी जरा गार झालं म्हणून धावायचं नाही, खरंच उतरतंय का बघायचं, मगच हलकेच ऊब द्यायची. दीक्षाने हे भारावून मॅडमना सांगितलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पेटंट कशाचं घ्यायचं, कंट्रोलरचं की पाळण्याचं?"

हीटर दोन आठवड्यांत शिकला. दीक्षा नाही शिकली. मैत्रीने पापणी हलवली तरी ही पाळण्याशी हजर, आणि हिच्याच पावलांच्या आवाजाने ती पुरती जागी.

चाचण्यांसाठी दीक्षाने एक बाथ घरीच आणून जेवणाच्या टेबलावर मांडला. तायडे कुटुंब तेव्हापासून जमिनीवर जेवू लागलं. आत मैत्रीला थोपटताना बाहेरचे आकडे तिला दिसत नसत, म्हणून लक्ष ठेवायचं काम नवऱ्याकडे आलं. समाधान महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होता. मोठमोठ्या टाक्या बघितलेला माणूस. चाळीस पूर्णांक शून्य एक आणि चाळीस पूर्णांक शून्य सात यांत काय मोठंसं, हे त्याला कळेना.

"दोन्ही चाळीसच ना?"

"नाहीत."

"बरं, नाहीत."

म्हणून दीक्षाने त्याच्यासाठी शब्दांची सोय केली. कंट्रोलरच्या तोंडावर चारच खण, एकेका खणात सात रेघा. त्यांत सगळी इंग्रजी अक्षरं बसत नाहीत. एम तर बसतच नाही, त्यामुळे 'मैत्री' लिहिता येत नाही, हे तिने रजेवरून आल्याच्या पहिल्याच दिवशी तपासून घेतलं होतं. पण जे-ओ-पी-एल बसतं: झोपली. पाणी चाळीसवर स्थिर. यू-टी-एल-आय: उठली, म्हणजे पाणी हललं. आर-डी-टी-ई: रडते, म्हणजे हद्दीबाहेर गेलं, धोका. आतून दीक्षा कुजबुजे, बाहेरून समाधान उत्तर देई.

"झोपली?"

"उठली."

दीक्षा थोपटता थोपटता थिजे. "अरे, मांडीवर आहे माझ्या. डोळे मिटलेत."

"ती नाही गं. ही."

"मग ही म्हण ना!"

"हीच म्हटलं. तू तीबद्दल विचारत होतीस?"

एवढ्या कुजबुजीने मांडीवरची उठे. मग दोघीही उठलेल्या.

धोक्याच्या वेळी कंट्रोलरचा बझर वाजतो. घरी तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मैत्रीच काय, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तरही दार उघडून बाहेर आले. तेव्हा दीक्षाने प्रोग्राममध्ये एक कळ ठेवली आणि तिचं नाव ठेवलं 'घर'. घर एक असेल तर शब्द दिसतील आणि बझर गप्प. घर शून्य केलं की शब्द गेले, नेहमीचे आकडे आले, बझर मोकळा. एका कळीला दोन कामं बांधू नयेत, हे कंपनीत येणाऱ्या नव्या मुलांना दीक्षाच शिकवायची, बोट नाचवून. पण ते ऑफिसातलं शहाणपण होतं. घरी दुपार होती आणि मूल झोपलं होतं.

फाइल वाघोलीला पाठवायच्या सकाळी मैत्रीने नाचणीची पेज अर्धी खाल्ली आणि अर्धी लॅपटॉपवर परत केली. दीक्षाने एका हाताने लेकीचं तोंड पुसलं, दुसऱ्याने कीबोर्ड, आणि उरलेल्या कुठल्याशा बोटाने फाइल पाठवून दिली. घर शून्य करायचं राहिलं. पुढे तिला वाटत राहिलं की आपण शून्य दाबलं होतं, पण बटणाखाली नाचणी गेली असावी. हे तिने समाधानला सांगूनही पाहिलं. त्याने बटण दाबून बघितलं. उत्तम चालत होतं.

दोन दिवसांनी विजयमाला मॅडमचा फोन आला. दीक्षा घरी, मैत्री काखेत, आणि फोनवर वाघोलीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मंदाकिनीबाई कुलथेही जोडलेल्या.

"नमस्कार," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमची पुस्तिका समोर घेऊन बसले आहे. सगळे एरर बघितले. 'झोपली' हा काही सापडला नाही."

दीक्षाने मैत्रीला दुसऱ्या काखेत घेतलं.

"आम्हाला आधी वाटलं बिघाड आहे. आमच्या सोनबांनी वाचून दाखवलं. मग म्हटलं, झोपली तर झोपली, पाणी चाळीसवर आहे ना? आहे. नळी बुडवली. 'उठली' म्हणाली आणि लगेच झोपली. तेही उत्तम. मग धोक्याची चाचणी म्हणून गार पाणी ओतलं, तर 'रडते' आलं."

"हो, मॅडम, ते—"

"माझं व्हायचंय. 'रडते' असं लिहून आलं, पण रडली नाही. बझर गप्प. शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळायचं कसं? रडते म्हणायचं आणि रडायचं नाही, अशी पद्धत आहे का तुमच्याकडे?"

नेमकी त्याच क्षणी मैत्री रडली, फोनच्या अगदी जवळून आणि जीव तोडून.

"इथे चालू आहे वाटतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दीक्षाने घर एक आणि घर शून्य अशी सगळी कथा सांगितली. सांगताना तिला स्वतःलाच ती कोणा बिनडोक बाईची वाटली.

"उद्या येऊन दुरुस्त करा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आणि घरचं घरी ठेवून या."

त्यांनी फोन ठेवल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "चाचणी नापास आहे, दीक्षा. दिग्विजयला बरोबर ने. डब्यात जाण्याआधी फाइल त्याने बघायची." म्हणजे झालंच. दीक्षाने फोन बाजूला ठेवला आणि मैत्रीला घट्ट धरलं. मैत्रीने तिचा कान ओढला.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई भाचीच्या लग्नासाठी वाशीमला निघून गेलेल्या होत्या, तिकीट महिन्यापूर्वीचं. समाधानने रजा टाकली होती, पण पहाटेच कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि त्याला जावं लागलं. त्यामुळे घरचं घरी ठेवायला घरी कोणी उरलं नाही. दिग्विजय गाडी घेऊन खाली आला तेव्हा दीक्षा लॅपटॉप, बाळाची पिशवी, गरम पाण्याचा थर्मास आणि मैत्री अशी चारी बाजूंनी लादलेली उभी होती.

"ही पण येणार?" तो म्हणाला.

"तिचंच फर्मवेअर आहे," दीक्षा म्हणाली. तो हसला नाही, म्हणून ती आणखी बोलली. "तुला काय, तुझं बरंच आहे. आज फसलं की कंट्रोलर तुझा."

दिग्विजयने सीटबेल्ट लावला. "काल सगळा कोड वाचला मी."

"मग?"

"मग काही नाही. 'कुरकुर' नावाचं व्हेरिएबल आहे त्यात."

"पाण्याचा बारीक चढउतार आहे तो."

"आणि 'हट्ट'?"

"तो हीटरचा."

धायरीहून वाघोली म्हणजे पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मैत्री स्वारगेटपर्यंत गात होती, पुढे झोपली. नगर रस्त्यावर गाड्या जागच्या जागी उभ्या, आणि दिग्विजय हॉर्नवर हात ठेवी, आरशात बघे, हात काढून घेई. दीक्षाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आज तिला त्याचा राग हवा होता.

प्रयोगशाळेच्या दारात मंदाकिनीबाई भेटल्या. पांढरा कोट, पांढरे केस, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांनी आधी लॅपटॉप बघितला, मग मैत्री.

"घरचं घरी ठेवा म्हटलं होतं मी."

"घरी कोणी नव्हतं, मॅडम."

"मग बरोबर केलंत. नळ्यांपासून लांब ठेवा तिला."

आत तेलाचा उग्र वास. बाथजवळ मदतनीस सोनबा उभे होते, मिशी पांढरी, उत्साह दांडगा. "याच का त्या मॅडम? म्या सगळ्यांस्नी वाचून दावलं बघा. म्हनलं, मराठी मशीन हाय."

दीक्षाने मैत्री दिग्विजयकडे दिली आणि कान लाल करून लॅपटॉप उघडला. घर शून्य केलं. दिग्विजयने मैत्रीला एका हातावर तोलत वाकून पडद्यावर बोट ठेवलं, "शून्य," असं मोठ्याने वाचलं, आणि तिने पुन्हा एकदा दाखवल्यावर पुन्हा वाचलं. एरवी तिला हे अपमानाचं वाटलं असतं. आज त्याने तिसऱ्यांदा वाचलं असतं तरी चाललं असतं. फाइल डब्यात गेली. लाल आकडे लागले. शब्द नव्हते, साधे सभ्य चाळीस पूर्णांक शून्य शून्य.

नळी बुडवली. पाणी किंचित उतरलं, हीटर थांबला, बघितलं, हलकेच तापला. पुन्हा चाळीस. मंदाकिनीबाईंनी मान डोलावली, पण तेवढ्याने हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. हे कालही जमलं होतं.

"आता धोका," त्या म्हणाल्या. "सोनबा, गार पाणी."

मैत्री दिग्विजयच्या खांद्यावर गाढ झोपलेली. इतकी गाढ, की तोंडातून लाळ निघून त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर नकाशा उमटला होता. दीक्षाने बझरकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. गेल्या सात महिन्यांत घरात चमचा पडला तरी तिचा जीव गोळा होई. आता ती देवाधर्माला न मानणारी बाई मनात म्हणत होती, वाज रे बाबा. जोरात वाज.

"बाहेर नेऊ का हिला?" दिग्विजयने कुजबुजून विचारलं.

"तू बाहेर गेलास तर बघणार कोण? मॅडमनी तुलाच बघायला सांगितलंय."

"मग?"

"कान झाक तिचे."

त्याने एका तळव्याने एक कान झाकला, दुसरा आपल्या खांद्यात दाबला. सोनबांनी पाणी ओतलं. आकडे घसरले. क्षणभर काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात दीक्षाने टेस्टिंगच्या टेबलावर स्वतःचं उरलेलं आयुष्य बघून घेतलं.

मग बझर किंचाळला. मैत्रीने डोळे उघडले, डब्याकडे पाहिलं आणि त्याच्या वरचा सूर लावला. बझरमध्ये एवढी ताकद नव्हती.

"आता दोघीबी रडत्यात!" सोनबा ओरडून म्हणाले.

"ऐकू येतंय," मंदाकिनीबाईंनी बझर बंद केला. "पास. त्या दुसरीचं बटण कुठे आहे ते तुमचं तुम्ही बघा."

"त्ये शबुद बरं व्हते पन," सोनबा हळहळले. "लांबनं कळायचं."

"लांबून बघू नका सोनबा, जवळ येऊन बघा," बाई म्हणाल्या आणि अहवालावर सही केली.

बाहेरच्या पायऱ्यांवर बसून दीक्षाने मैत्रीला शांत केलं आणि मॅडमना फोन लावला.

"कळलं मला, पास झाली," मॅडम म्हणाल्या. "पण दुसऱ्या खेपेला. आपलं ठरलं होतं ते पहिल्या खेपेचं."

"हो," दीक्षा म्हणाली. वाद घालायला हवा होता. पण मॅडमचं म्हणणं खरंच होतं.

"दिग्विजय आहे ना तिथे? दे त्याला. नाही, स्पीकरवर टाक. दिग्विजय, घेतोस का कंट्रोलर?"

दिग्विजय शर्टावरचा नकाशा रुमालाने पुसत होता. "मॅडम, खरं सांगू? हीटरला थांबवायचं जे केलंय तिने, ते चालतं. का चालतं ते मला कळलेलं नाही. मी हात लावला तर मोडेल."

दीक्षाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिने मान थोडी उंच केली.

"पण एकटीकडे ठेवलं," तो शांतपणे पुढे म्हणाला, "तर ती काहीही पाठवेल."

मान खाली आली.

"मग दोघांकडे," मॅडम म्हणाल्या. "दीक्षा, अर्धा दिवस घरून चालू ठेव. पण यापुढे एकही फाइल दिग्विजयने बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि त्याला कळेपर्यंत समजावायची. कंट्रोलर फक्त तुझा, हे संपलं. पटतंय?"

दुपार तिची राहिली होती. हवं ते मिळालं होतं, आणि तरी काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं. असं वाटावं याची तिला लाजही वाटली. एवढासा तो डबा.

"पटतंय," ती म्हणाली, आणि या वेळी ते बरंचसं खरं होतं.

फोन बंद झाला. समोर नगर रस्ता तुंबलेलाच होता, इतक्यात निघण्यात अर्थ नव्हता. दीक्षाने थर्मास उघडला, लॅपटॉप मांडीवर घ्यायला गेली, पण मांडीवर मैत्री होती. दिग्विजयने न विचारता हात पुढे केले. दीक्षाने लेक दिली, आणि सवयीने आपले हात हवेत तसेच ठेवले. मग ते खाली घेतले.

"हे बघ," तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "'कुरकुर' इथे मोजते. एवढीशी असेल तर काही करायचं नाही. इथपर्यंत फक्त बघत राहायचं."

"किती वेळ?"

"तेच तर अवघड आहे. सांगते. आधी वरचं वाच."

तो वाचायला लागला. मैत्रीने त्याच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र दोन्ही हातांनी ओढून तोंडात घातलं.

"अरे, ते धुतलंयस का कधी?" दीक्षा म्हणाली.

"ओळखपत्र कोण धुतं?" पडद्यावरून डोळे न काढता दिग्विजय म्हणाला. "आणि ही ओळ चुकली आहे तुझी."

"कुठली?" म्हणत दीक्षा वाकली.